मैलोबाचा पट्टा

आई गाडीत असताना मी ताशी साठने गेले, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. काटा चाळीसच्या पुढे गेला की माझी आई दाराची कडी घट्ट धरते आणि पंचेचाळीसला देवाचं नाव घ्यायला लागते. त्या दिवशी तर मिरजेत तिच्या डोळ्याचं ऑपरेशन करून मी तिला दादाकडे पोचवत होते. तिच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसरा डोळा माझ्या काट्यावर होता. हिंगणखोरीच्या अलीकडे ती म्हणाली, "पंचेचाळीस झाले गं." मी म्हटलं, पंचेचाळीसच झालेत, आणि तेवढ्यावरच ठेवते.

दादाच्या घरी पोचलो. सारिका वहिनीने चहा टाकला आणि माझा फोन थरथरला. चलान होतं. गाडी माझी, वेळ दुपारी तीन वाजून बावीस मिनिटं, पट्टा एक्केचाळीस-दोन ते एक्केचाळीस-चार, मर्यादा पन्नास, नोंदलेला वेग साठ. खाली दोन बटणं होती, ‘मान्य’ आणि ‘हरकत’. मुदत सात दिवसांची.

दादाने विचारलं, "कुणाचा गं?"

ऑफिसचा, असं म्हणून मी फोन पालथा ठेवला. ते खोटंही नव्हतं. चलान माझ्याच ऑफिसातून आलं होतं. मी प्रणिता बाबर, मार्गश्रवण विभागाची संदर्भ अधिकारी. रस्त्याने केलेल्या नोंदींवर लोक हरकती घेतात, त्या तपासून फेटाळणं हे माझं काम. तपासून म्हणजे कशा, ते पुढे येईलच. दादाच्या घरात चलान हा शब्द तीन वर्षांत कोणी मोठ्याने उच्चारला नव्हता. त्या दिवशी मी चहा अर्धा टाकून निघाले, वहिनीने आग्रह केला तरी थांबले नाही.

रस्ता ऐकतो म्हणजे काय, ते सांगते. डांबराच्या कडेला हातभर खोल चरात केसाइतकी बारीक काचेची तार पुरलेली असते. तिच्या एका टोकाने सेकंदाला हजारो वेळा लेसरचा प्रकाश सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म गाठी राहतातच, आणि प्रत्येक गाठीवरून चिमूटभर प्रकाश मागे फिरतो. वरून गाडी गेली की जमीन थरथरते, तार किंचित ताणली जाते आणि मागे येणारा प्रकाश बदलतो. तो कुठल्या जागी कधी बदलला हे मोजत गेलं की तारेचा प्रत्येक मीटर एकेक कान होतो. गाडी कोणाची हे नाक्यावरचा कॅमेरा सांगतो, आणि तिथून पुढे तिचा थरकाप तार धरून ठेवते.

गाड्यांमधले जीपीएस कोर्टाने कधीच बाद केले होते. ते बंद पाडायची यंत्रं बाजारात भाजीसारखी मिळत होती. कायदा सरळ होता: गाडीतलं यंत्र मालकाच्या हातात असतं, रस्ता कोणाच्याच हातात नसतो. अपघात निम्म्यावर आले. मला या यंत्रणेचा अभिमान होता आणि अजूनही बराचसा आहे.

अडचण एकच. काच ऐकते, पण आपण कुठे आहोत हे तिला माहीत नसतं. चरात तार सरळ जात नाही. मध्ये चेंबर असतात, त्यांत पन्नास-साठ मीटर तार वेटोळं करून ठेवलेली असते, कुठे ती वळसा घेते. म्हणून तार पुरल्यावर एक माणूस हातोडा घेऊन रस्त्याने चालत जातो. दर दोनशे मीटरच्या दगडापाशी जमिनीवर तीन ठोके घालतो. तारेच्या टोकाशी खोलीत बसलेला दुसरा माणूस पडद्यावर पाहतो की ठोका तारेत कुठे उमटला, आणि तिथे त्या दगडाचा नंबर टाकतो. या नोंदींवर पुढची सगळी गणितं उभी राहतात. पाच वर्षांपूर्वी या रस्त्यावर हातोडा घेऊन चालणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात शिरले ती थेट माझ्या चलानाचा आलेख काढायला बसले. लोकांना फक्त एक आकडा पाठवतात, आख्खा आलेख आम्हालाच दिसतो. माझी गाडी आधी पंचेचाळीस, मग दोनशे मीटर साठ, पुढचे दोनशे मीटर छत्तीस, आणि पुन्हा पंचेचाळीस. मी उठले, पाणी प्यायले, परत बसले. साठच्या दोनशे मीटरला बारा सेकंद लागतात, छत्तीसच्या दोनशेला वीस. म्हणजे चारशे मीटरला बत्तीस सेकंद. याची सरासरी काढली तर बरोबर पंचेचाळीस येते, इकडेही नाही आणि तिकडेही नाही. माझी गाडी एका चालीने गेली होती. मधला दगडच आपल्या जागी नव्हता.

मग मी बाकीच्या गाड्यांचे आलेख काढत गेले. दहा काढले, पन्नास काढले. प्रत्येक गाडी त्या जागी उसळी मारत होती आणि लगेच नांगी टाकत होती. त्या पट्ट्यावर पाच वर्षांत अकरा हजारांवर चलानं झाली होती. तिथे उतार आहे, लोक गाड्या सोडतात, असं आम्ही अहवालात लिहायचो. अकरा जणांनी हरकती घेतल्या होत्या. अकराही मी फेटाळल्या होत्या. दगडांची संदर्भ नोंद सहीनिशी फाईलला असली की आलेख उघडायची गरज नाही असा नियम आहे, आणि सही माझीच होती.

अकरांत एक नाव होतं सुजित बाबर. माझा दादा.

दादा सोळा वर्षं शाळेची बस चालवत होता. त्याच्या बसमधल्या मुलांच्या डब्यातलं ताक सांडत नाही, असं आया सांगायच्या. तीन वर्षांपूर्वी त्याची बस या रस्त्यावर लागली आणि पहिल्याच महिन्यात त्याला तीन चलानं आली, तिन्ही या पट्ट्यावरची, तिन्ही चौसष्टची. मुलांच्या बसला तीन चलानं म्हणजे चालकाचा बॅज रद्द. तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, काटा अठ्ठेचाळीसवर होता, मी डोळ्यांनी पाहिला. मी त्याला समोर बसवून ही सगळी तार-काच-लेसरची शिकवणी दिली आणि शेवटी म्हटलं, "दादा, रस्ता खोटं बोलत नाही." त्याने ते ऐकून घेतलं. वाईट हे की त्याने ते मानलं. आधी त्याला वाटलं काटा बिघडलाय. मेकॅनिकने काटा ठीक असल्याचं सांगितल्यावर त्याला वाटलं आपणच बिघडलोय. शाळेने त्याला गेटवर ठेवलं. दुसऱ्याने चालवलेल्या त्याच बससाठी तो रोज फाटक उघडतो. घरची मोटरसायकलही त्याने वहिनीच्या भावाला देऊन टाकली. विचारलं तर म्हणतो, पायाचा भरवसा राहिला नाही.

त्या दिवशी मी जेवले नाही. दुपारी रजा टाकली, मोजणीचं चाक गाडीत घातलं आणि हिंगणखोरी गाठली.

एक्केचाळीस-चारचा दगड मला चांगला आठवत होता. विसरण्यासारखा नव्हताच तो. लिंबाखाली छोटा कट्टा, कट्ट्यावर दगड, अंगभर शेंदूर, नंबर तेवढा पिवळ्या रंगात पुन्हा रंगवलेला. लोक त्याला मैलोबा म्हणतात. फार पूर्वी दुधाचा टँकर घाटात घसरला, तो या दगडाला अडून थांबला आणि ड्रायव्हर वाचला. त्याने नारळ फोडला, आणि मग कोणी ना कोणी फोडतच राहिलं. तिथून जाणारा गावचा माणूस गाडी हळू करतो, एक हात कपाळाला लावतो आणि पुढे जातो. म्हणून हिंगणखोरीच्या कोणालाही तिथे कधी चलान झालं नव्हतं. तिशीवर आलेल्या गाडीला रस्त्याने चाळीस मोजलं तरी ती सुटते. मीही एरवी तिथे हळू करते; त्या दिवशी आईच्या डोळ्याला हिसका नको म्हणून केली नव्हती. गावात तर बोलतात की मैलोबाला न मानणाऱ्याला चलान होतं. दादा मैलोबाला मानायचा, पण मुलं बसमध्ये असताना त्याने स्टिअरिंगवरचा हात कधी काढला नाही की उगाच ब्रेक दाबला नाही. देवाला मनातून नमस्कार पोचतो, असं तो म्हणायचा.

मी चाक लावलं. मागच्या दगडापासून मैलोबापर्यंत दीडशे मीटर भरले. पुढच्या दगडापर्यंत अडीचशे. मी परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजत होते तेव्हा कट्ट्यापाशी नारळ विकणारी हौसाबाई म्हणाली, "किती येळा फिरवतीस गं ते चाक? जमीन काय वाढनार हाय व्हय?"

मी तिला विचारलं, मैलोबा आधीपासून इथेच आहे का. तिने चटकन सांगितलं. नाही, तो होता पुढे, बाभळीजवळ. सात वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला मशीन आलं, ते दगड उखडणार होतं. मग गावाने सनई-ताशा लावून देवाला लिंबाखाली आणला, गुलाल उधळला, दोनशे माणूस जेवलं. "देवाला पाय न्हाईत, मग आमीच आनायचा की," ती म्हणाली.

म्हणजे माझ्या चाचणीच्या दोन वर्षं आधी. हे कोणी सरकारला कळवलं नाही का, असं मी विचारलं तर तिला त्याचं नवल वाटलं. देव हलवल्याची वर्दी सरकारला कोण देतं?

मग तिने मला जरा निरखून पाहिलं. "तूच न्हवं ती हातोडीवाली? चपला काढून आली व्हतीस. मी म्हनलं, बगा, सायबीण असून किती रीतीची पोरगी हाय."

मला तो दिवस आठवला. चाचणीच्या दिवशी अमावास्या होती, कट्ट्याभोवती बायका बसल्या होत्या, नैवेद्याची ताटं मांडलेली. नियमाप्रमाणे मागच्या दगडापासून चाक फिरवत यायचं असतं. त्या ताटांमधून चाक नेणं मला बरं वाटलं नाही. मी चाक लांब ठेवलं, चपला काढल्या, हात जोडले आणि दगडाशेजारी जपून तीन ठोके घातले. परगावचा कोणी असता तर त्याने आधी विचारलं असतं, मैलाचा दगड रस्ता सोडून झाडाखाली काय करतोय. मी इथलीच. मैलाचा दगड देव झालाय यात मला काही वावगं दिसलं नाही. त्यात तिथल्या चेंबरमध्ये साठ मीटरचं वेटोळं निघालं, त्यामुळे तारेची लांबी दोनशेच्या वर भरली आणि खोलीत बसलेल्यालाही शंका आली नाही.

तिसऱ्या दिवशी मी देशिंगकर साहेबांसमोर सगळं मांडलं. ते आमच्या विभागाचे प्रमुख, माणूस शांत आणि माझ्यावर माया करणारा. त्यांनी आकडे पाहिले आणि दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की पुढच्या महिन्यात फेरचाचणी लावू, दगडाची नोंद दुरुस्त होईल, माझं चलान तांत्रिक कारणाने निकाली निघेल आणि विषय संपेल. मी जुन्या चलानांबद्दल विचारलं. फेरचाचणी पुढच्यासाठी असते, मागचं मागे राहतं, ते म्हणाले. मागचं उकरायचं तर एकच वाट होती. कोणीतरी हरकत घ्यायची, ती पुराव्यासकट मान्य व्हायची, आणि मग कायद्याने त्या पट्ट्यावरची सगळी चलानं रद्द, सगळे बॅज परत. त्या हरकतीत चुकीची नोंद कोणी केली हे लिहावं लागतं. जिने ती केली तिची नोकरी जाते. तिने नंतर त्याच नोंदीवरच्या हरकती फेटाळल्या असतील तर चौकशीही लागते.

"तुझ्या नोकरीचं सोड," ते म्हणाले. "एका गावात रस्ता चुकला हे पेपरात आलं की उद्या प्रत्येक ट्रकवाला म्हणेल माझ्याही गावात चुकला. लोक पुन्हा बेफाम चालवतील. माणसं मरतील, प्रणिता. चूक दुरुस्त कर, तिची दवंडी पिटू नकोस."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी हो म्हणाले आणि बाहेर आले.

पुढचे दोन दिवस मी कुठे टेकले असेन तर शपथ. घरात एकाच कपाटाचे कप्पे तीनदा लावले. गाडी चालवताना डोळे काट्यावरून हलेनात. सकाळी फोन उघडायचा, ‘मान्य’वर बोट न्यायचं, मागे घ्यायचं, मग ‘हरकत’वर न्यायचं, तेही मागे घ्यायचं. स्वतःला समजावलं की दादाला शाळेने ठेवून घेतलंय, पगार चालू आहे, आता काय बिघडतंय? मग आईचा फोन आला. डोळा बरा आहे म्हणाली. तपासणीला मिरजेला परत जायचं होतं, सारिका सुजितला म्हणाली की तूच घेऊन जा प्रणिताच्या गाडीने, तर तो उठून परसात गेला आणि तासभर आलाच नाही. "असा नव्हता गं माझा पोरगा," आई म्हणाली.

सहाव्या दिवशी रविवार होता. मी दादाला म्हटलं, ऑफिसची मोजणी आहे, चाक धरायला माणूस नाही, चल. तो आला. मी गाडी मागच्या दगडापाशी लावली आणि चाक त्याच्या हातात दिलं. उन्हात तो चालत राहिला, मान खाली, एकेक आकडा मोठ्याने म्हणत. मैलोबापाशी थांबला.

"दीडशे," तो म्हणाला. "दोन दगडांत तर दोनशे असत्यात."

मी सांगितलं. काही लपवलं नाही, गणितही वाळूत काढून दाखवलं. अठ्ठेचाळीस इथे चौसष्ट कसे होतात, ते त्याने बोटाने पुन्हा मांडून पाहिलं.

"म्हंजी काटा बरोबर व्हता?"

"हो."

"तिन्ही येळा?"

"तिन्ही वेळा, दादा."

तो चाकाला धरून खाली बसला. मग त्याने मान वर न करता विचारलं, हे मापलं कोणी होतं. तार पुरणाऱ्या कंत्राटदाराचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. त्याला ते पटलंही असतं. हौसाबाई लांबून बघत होती, पण तिच्या भीतीने मी खरं बोलले असं कोणी समजू नये. दादाचा उजवा पाय मातीत पडला होता आणि तो त्या पायाकडे बघत होता. तीन वर्षं तो त्याच्यावर रागावलेला होता. मला ते सहन झालं नाही.

"मी," मी म्हटलं. "हातोडा माझाच होता. तुझी हरकतही मीच फेटाळली. न उघडता."

"तवा तू म्हनालीस की रस्ता..."

मी रडत होते. त्याने मला गप्प केलं नाही. उठला, गाडीपर्यंत चालत आला, चाक डिकीत ठेवलं आणि हात पुढे केला.

"चावी दे."

मी चावी दिली आणि सवयीने पुढचं दार उघडलं.

"मागं बस," तो म्हणाला.

मी मागे बसले, त्याच्या बसमधली शाळेची मुलं बसायची तशी. त्याने आरसा नीट केला, सीट पुढे ओढली, पट्टा लावला. गाडी सुरू करून तो तसाच बसून राहिला, इतका वेळ, की मला वाटलं आता उतरेल. मग त्याने गियर टाकला. आधी तो गाडी वळवून चाळीस किलोमीटरच्या दगडापर्यंत मागे गेला, तिथे पुन्हा वळवली आणि परत निघाला. वीस, तीस, चाळीस. चाळीसला थोडा अडखळला. मग अठ्ठेचाळीसवर काटा आला आणि तिथेच राहिला. मागे बसून मला जाणवत होतं, गाडी मुळीच हेलकावत नव्हती. लिंब जवळ आला. हौसाबाईने सवयीने कपाळाला हात लावला. दादाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

गाव ओलांडून थोडं पुढे गेलो तोच माझ्या हातातला फोन थरथरला.

"किती?" त्याने मागे न पाहता विचारलं.

"चौसष्ट."

त्याने काट्याकडे पाहिलं. "मी अठ्ठेचाळीसला व्हतो," तो म्हणाला. तीन वर्षांत गाडीबद्दल तो पहिल्यांदाच काही खात्रीने बोलत होता.

मी ‘हरकत’चं बटण दाबलं. फॉर्म उघडला. पट्टा आणि वेळ आधीच भरलेली होती. हरकतीचं कारण लिहिलं, मोजणीचे आकडे लिहिले, मागच्या चलानाचा नंबरही जोडला. शेवटचा रकाना होता: चुकीची नोंद करणाऱ्याचं नाव, माहीत असल्यास. तिथे माझं बोट थांबलं. साहेबांचं बोलणं आठवलं, ट्रकवाले आठवले, माझं टेबल आठवलं. वर पाहिलं तर आरशात दादाचे डोळे माझ्यावर होते. किती वेळ होते कोण जाणे.

"लिव," तो म्हणाला आणि नजर रस्त्यावर वळवली. "तुझं नाव लिव."

मी लिहिलं. तो गाडी चालवत राहिला.